निवळ पाण्यातल्या तिसऱ्या

या, थोडं पुढं सरका. हरिकथा झाली, आरतीला अजून वेळ आहे. तेवढ्यात ग्वाल्हेरची एक गोष्ट सांगतो.

रमाकांतनं काचेची नळी पुन्हा उजेडात धरली. पाणी काळं पडलं नाही. म्हणजे शिसं नव्हतं.

ग्वाल्हेरच्या हजिरा भागातल्या त्या सरकारी रसायनशाळेचा शेवटचा दिवस होता. राज्यांच्या पुनर्रचनेत उद्यापासून मध्यभारत हे राज्यच राहणार नव्हतं. तराजू, बाटल्या, शेगड्या भोपाळला जायच्या पेट्यांत भरल्या होत्या. एवढी एक तपासणी रमाकांतनं अडवून धरली होती, कारण समोरच्या स्टुलावर त्याच्या बहिणीचा नवरा बसला होता. उमाजी. तपासायला सुकवलेल्या शिंपल्या घेऊन, कोकणातून तीन दिवसांचा प्रवास करून आलेला.

उमाजी खाडीच्या चिखलात तिसऱ्या वाढवी. वरच्या अंगाला रंगाचा कारखाना आला, आणि त्या शिंपल्या खाणारं गाव आजारी पडू लागलं. उमाजीची थोरली मुलगी गेली. धाकटीच्या हातात आता वाटी ठरत नव्हती. तिकडच्या कलेक्टर कचेरीनं कळवलं होतं, कारखाना थांबवायचा तर शिंपल्यांत विष असल्याचा कुठल्याही सरकारी रसायनशाळेचा दाखला आणा. तपासणी एकदाच होईल.

रमाकांतला खोटं लिहिणं जमलं नाही. ‘निर्दोष’ लिहून त्यानं सही केली. दाखला टपालात गेला, तारही गेली.

“काय करू दाजी, माल तर एकदम साफ निघाला,” तो म्हणाला. “पोटात चिखलाचा कण नाही.”

“कसा असेल? आईनं दोन दिवस निवळ पाण्यात ठेवल्या, सगळी घाण ओकून टाकली त्यांनी. मगच सुकवल्या. म्हणाली, सरकारपुढं जायच्यात, पोरीचं काम आहे, गलिच्छ कशा धाडू?”

पाहुण्याला वाढायच्या तिसऱ्या तिकडे अशाच साफ करतात. विष त्या ओकून टाकलेल्या चिखलात होतं. रमाकांतनं तोंड उघडलं. बाहेर पेट्यांची गाडी हलली.

“काही चुकलं का?” उमाजीनं विचारलं.

“नाही. आईंना सांगा, फार निगुतीनं केलंत. बस, खाडीतलं आता काही खाऊ नका.”

“मग खायचं काय, रमाकांतराव?”



आता आरतीला उठाल, तेव्हा नातीसाठी दोन दिवस पाणी बदलत बसलेल्या उमाजीच्या आईची, त्या सुलोचनाबाईंची आठवण ठेवा. आणि कधी त्या खाडीकडे गेलात, तर यातलं काही त्यांना सांगू नका.