हलती माती

चंद्रकांतचा टेम्पो लवळ्याच्या वळणाआड गेला, तशी हैबतरावांनी पाटी उचलली.

दर गुरुवारी धाकटा भाऊ तिकडच्या हॉस्टेलांच्या कँटीनला भाजी टाकायला जायचा आणि दुपारच्या आत परतायचा नाही. रविवारी हैबतराव पिरंगुटच्या बाजारात बसायचे. दोघं एका दिवशी कधीच घर सोडत नसत. हा घराण्याचा रिवाज होता. एकानं बाजार करायचा, एकानं घर राखायचं. त्यांचे वडील धुळाजी आणि माउली चुलता यांनीही तो जन्मभर पाळला. भाऊ असावेत तर असे, म्हणून गाव अजून त्यांचा दाखला द्यायचा.

हैबतराव आज घर राखत होते. म्हणजे भावाच्या वाफ्यातली माती काढून आपल्या वाफ्यात नेत होते.

मुळशीच्या पावसात सपाट रानात भाजीची मुळं कुजतात. म्हणून आजोबांनी कडेनं दगड रचून दोन उंच गादीवाफे बांधले होते. पुढच्या प्रत्येक पिढीनं त्यांत मेंढ्यांचं लेंडीखत ओतलं. आता माती अशी झाली होती, की मूठ वळावी आणि उघडताच बोटांतून सांडावी. वाटणीत एकेक वाफा एकेकाला आला. लांबी सारखी, उंची सारखी. मोजताना टेप हैबतरावांनीच धरला होता, त्यामुळे तक्रारीलाही जागा राहिली नव्हती.

पण दसऱ्याला बिरदेवाच्या निवदाची काकडी ज्याच्या वाफ्यातली जाई, त्याच्या घरी आई पुढचं वर्षभर जेवायची. हाही रिवाजच. काकडी निवडायची आईनं. आणि भागूबाई गेली तीन वर्षं चंद्रकांतकडे जेवत होत्या.

मधल्या भिंतीतून हैबतरावांना रोज धाकटी भावजय सासूला वाढताना ऐकू यायची.

“आत्या, आजून अर्धी घ्या की.”

मग आईचं हसू. भिंतीच्या अलीकडं हैबतरावांच्या ताटातही भाकरीच असायची. रत्नाबाईंच्या हातची, जावेपेक्षा पातळ आणि पापुद्रा सुटलेली. ती त्यांना गोड लागत नसे.

“त्याच्या मातीतच गुण हाय,” ते बायकोला म्हणत.

“आन आपल्या मातीला काय रोग झालाय?”

“वाटणीत फसलो आपुन.”

“टेप तर तुमीच धरला व्हता!”

असल्या बाईपुढं मन मोकळं करण्यात अर्थ नव्हता.

तर ही चोरी नव्हती. वाटणीतली चूकदुरुस्ती होती. मेथी उपटून मोकळ्या झालेल्या टोकाकडून पाटी भरायची, वरून हात फिरवायचा आणि माती आपल्या काकडीच्या बुडाशी पसरायची. सगळा पावसाळा हेच चाललं होतं. एकच गोष्ट त्यांच्या हिशेबात बसेना. इतक्या पाट्या ओतूनही त्यांचा वाफा वर येईना, आणि भावाचाही खाली जाईना.

“दबत आसंल,” ते स्वतःची समजूत घालत. “चांगली माती दबतीच.”

चंद्रकांतला कशाचा पत्ता नव्हता. उलट दर शनिवारी तो येऊन विचारायचा, “दादा, उद्या बाजारला हायसा न्हवं? निवांत या. मी हाय हितं.” त्याच्या ह्या भोळेपणानंच हैबतरावांचा जीव जास्त जळे. आयांना भोळीच पोरं आवडतात.

त्यात मागच्या आठवड्यात त्यांची चुन्याची डबी हरवली. पितळी, झाकणावर ‘है’ कोरलेली. आपल्या वाफ्यात मुळा पेरताना ती कमरेला होती, इतकं पक्कं आठवत होतं. रविवारचा बाजार करून आल्यावर त्यांनी तो सगळा वाफा बोटांनी चाळला. डबी मिळाली नाही. मग रिवाजाप्रमाणे खापर रत्नाबाईंवर फुटलं.

पाटीची कड दगडाला घासली. ओट्यावरून आवाज आला.

“कोन? चंदू? आज ऐतवार हाय व्हय?”

भागूबाई करडाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. हैबतराव जागीच थबकले. म्हातारी वार विसरली, पण चंदूचं नाव नाही विसरली! थोरला लेक समोर उभा, आणि ओठांवर धाकटाच.

त्यांनी रागारागानं आणखी दोन ओंजळी माती पाटीत दाबली.

“माती हलती आसली म्हंजी वाफा जिता ऱ्हातो,” म्हातारी करडाला सांगत होती. “ह्या घरातली माती कवा बसली न्हाई बग.”

हैबतराव पाय न वाजवता आपल्या वाफ्याशी आले आणि पाटी पालथी केली.

दगडावर काहीतरी खणकन वाजलं.

त्यांनी वाकून उचललं. अंगठ्यानं माती पुसली. झाकणावर ‘है’ होतं.

त्यांनी डबीकडं बघितलं. मग भावाच्या वाफ्याकडं बघितलं. मग पुन्हा डबीकडं. मागं काठी वाजली तेव्हा त्यांनी घाईनं मूठ मिटली.

दगडांना चाचपत भागूबाई आल्या होत्या. त्यांनी वेलाखाली हात घातला, एक काकडी बोटांनी जोखली.

“औंदाचा निवद हितला,” त्या म्हणाल्या. “रत्नीला सांग, उद्या दसरा झाला की तुज्याकडं जेवनार मी.”

हैबतरावांनी पाटी पायानं मागं सारली. किती दिवस हेच ऐकायला कान आसुसले होते.

“व्हय, आई,” ते म्हणाले.

भागूबाईंनी त्यांच्या मिटलेल्या मुठीवरून हात फिरवला आणि भिंतीपलीकडून रोज ऐकू येणारं तेच हसू हसल्या.

“घावली व्हय डबी? तुज्या बापाचा आडकित्ताबी असाच घावला व्हता, माउलीच्या वाफ्यातनं आनलेल्या पाटीत.”