उद्या आपण हरणार

आमच्या नेपल्समध्ये जे मनापासून हवं असतं, ते तोंडाने बोलायचं नसतं. बोललं की दृष्ट लागते. म्हणून मोठ्या फुटबॉल सामन्याच्या आदल्या दिवशी मी रेडिओवर सांगते, “म्युनिकला निघालेल्यांनो, छत्र्या घ्या. घरी टीव्हीपुढे बसणाऱ्यांनो, रुमाल घ्या. उद्या आपण तीन-शून्यने हरतोय.” मग सगळं शहर निश्चिंत होतं.

या वेळी ते सांगून मी थेट इस्पितळात गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या नवऱ्याचं, कार्मिनेचं, हृदयाचं ऑपरेशन होतं. समुद्रावरचा मावळतीचा उजेड छतावर संथ हलत होता आणि गोळीच्या गुंगीत तो त्याकडे बघत पडला होता. चेहरा मात्र पांढराफटक.

“काय झालं रे?”

“तो मिलानचा डॉक्टर येऊन गेला. म्हणाला, काळजी करू नका, सगळं छान होणार.”

“मेल्याला कुणी सांगितलं होतं बोलायला!”

“आता तूच सांग. रेडिओवर सांगतेस तसं. उद्या माझं काय होणार?”

मी रेडिओचा आवाज काढला. “तुझं? तू काही वाचत नाहीस. पुष्पचक्रसुद्धा सांगून आलेय.”

“केवढं?”

“चर्चच्या दारातून आत जायचं नाही एवढं.”

कार्मिनेच्या गालांवर रंग परतला. माझा हात उशीखाली ओढून घेऊन तो गाढ झोपला, आणि मी तो हात सकाळपर्यंत सोडवून घेतला नाही.