तोडीस तोड गडी

“ही नाही चालायची,” बाबांनी रॅमची पट्टी काउंटरवरून परत सरकवली. “खाच बघा हिची. आमच्या कॉम्प्युटरच्या जुन्या बोर्डावर बसणारच नाही. रेटून बसवली तर बोर्डाचे तीनतेरा.”

शेजारी उभी असलेली लेक बघतच राहिली. अर्धांगाचा झटका आल्यापासून बाबा एवढं सलग कधी बोललेच नव्हते. शब्द यायचे, पण एकेक, अडखळत. डोकं तरी पूर्वीसारखं चालेल की नाही, या धास्तीने तिची झोप उडाली होती. डॉक्टर म्हणाले होते, डोक्याला काम द्या. बाबांचं काम ठरलेलं: घरातल्या जुन्या कॉम्प्युटरशी बुद्धिबळ. पण आजारपणानंतर ते डावामागून डाव हरायला लागले. एकदा तर वजीर गेला आणि डोळ्यांत पाणीच आलं. लेकीला ते बघवेना. दुपारी ते झोपले असताना तिने गुपचूप कॉम्प्युटरच्या खेळाची पातळी पार खाली आणून ठेवली. मग काय, बाबा रोज जिंकायला लागले.

आणि गेल्या आठवड्यात त्यांनी अडखळतच टुमणं लावलं, “याची मेमरी वाढवायला हवी. भलताच सुमार खेळतो हल्ली.”

रॅम वाढवली म्हणून कुणाला चाली सुचतात का? बाबांचं काहीतरी बिनसलंय, तिला वाटलं. त्यांचं मन मोडू नये म्हणून ती दुकानात आली होती, एवढंच.

बाबांनी खिशातून रुमालात गुंडाळलेली जुनी पट्टी काढली. “अशीच द्या. डीडीआर-थ्री, दीड व्होल्टची. आमचा बोर्ड एका स्लॉटात चार जीबीच्या वर घेत नाही, तेव्हा चार-चारच्या दोन. आणि जोडीच्याच हं! दोन घरच्या आणल्या की भांडत बसतात.”

दुकानवाल्या बाई हसल्या. “काका, तुम्ही यातलेच का?”

“छे हो! मी पेशंट.”

लेकीला हसू आलं. काय माणूस हा! आणि आपण याला लहान मूल समजून जिंकवत बसलो होतो.

घरी आल्यावर बाबांनी पट्ट्या स्वतःच बसवल्या. उजव्या हातात अजून जोर नव्हता, म्हणून डाव्याने दाबल्या. कॉम्प्युटर तक्रार न करता सुरू झाला. ते तोंड धुवायला गेले तेवढ्यात तिने पातळी पुन्हा थेट वर नेऊन ठेवली. आता काय होईल ते होवो.

डाव रंगला. बाबा कपाळाला आठ्या घालून झुंजले, एक घोडा फार सुंदर खेळले, आणि हरले. लेक त्यांच्या डोळ्यांकडे बघत होती.

“वा रे पठ्ठ्या!” बाबांनी मांडीवर थाप मारली. “याला म्हणतात खेळ!”

“नव्या रॅमचा गुण, बाबा,” ती घाईघाईने म्हणाली.

बाबांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

“रॅमने नुसता वेग वाढतो गं, वेडाबाई. तू उतरवलेली पातळी काय, मलाही वर करता आली असती. पण तू आपणहून वर केल्याशिवाय मी बरा झालो, असं कसं म्हणायचं?”