बिनमुदतीचा करार

सूप पाखडता पाखडता सिताबाईचा डावा अंगठा उडाला. एकदा उडाला, दोनदा उडाला, मग सुपाच्या कडेवर टक टक टक वाजू लागला आणि थांबेचना.

शिवप्रिया पलीकडं लेकीचं औषध मोजत होती. सकाळचे आठ वाजले होते. बिनसुईच्या सिरिंजमध्ये साडेतीन मिली, थेंब कमी नाही की थेंब जास्त नाही. आवाज ऐकून तिनं सवयीनं आधी लेकीकडंच बघितलं. सहा वर्षांची समृद्धी उंबऱ्याजवळ उन्हात बसून पोहे खात होती. तिचे दोन्ही अंगठे जागच्या जागी होते.

तेव्हा कुठं शिवप्रियानं सासूकडं मान वळवली.

सिताबाईचं तोंड डावीकडं ओढलं गेलं. घशातून जातं फिरल्यासारखी घरघर निघाली. सूप कलंडलं, ज्वारी घरभर झाली आणि ती डाव्या कुशीवर पडली. आधी अंगठा, मग तोंड, मग घरघर, मग पडणं. हा क्रम शिवप्रियाला पाठ होता. पाच वर्षं रोज चार-पाच वेळा तिनं तो बघितला होता. पण तो लेकीचा होता.

आजाराचं नाव चिठ्ठीवर इतकं लांबलचक होतं की समृद्धीच्या बापाला, बालाजीला, ते एका दमात कधी वाचता आलं नाही. घरात त्याला नुसतं 'ते' म्हणत. 'ते' आलं, 'ते' गेलं. पहिल्या दोन औषधांनी काही फरक पडला नाही आणि तिसऱ्या गोळीनं तर आगीतून फुफाट्यात नेलं, झटके दुप्पट झाले. मग सोलापूरच्या डॉक्टरांनी ती गोळी बंद करून हे पातळ औषध सुरू केलं. आज त्याचा एकेचाळिसावा दिवस होता आणि एवढ्या दिवसांत समृद्धीला एकही झटका आला नव्हता. बालाजीनं निम्म्या अणदूरला पेढे वाटले होते.

समृद्धीनं आजीकडं बघितलं आणि खाणं चालू ठेवलं. ती रडली नाही, घाबरलीही नाही. ओळखीचं माणूस दुसऱ्याच्या घरी दिसावं, तशी बघत होती.

दोनेक मिनिटांनी घरघर थांबली. शिवप्रियानं पदरानं सासूची लाळ पुसली.

"आत्या, ऐकू येतंय का? काय झालं तुमाला?"

सिताबाईनं डोळे उघडले. "पोरीचं औषध दिलंस?"

"तुमचं काय ते सांगा आदी."

"आदी औषध दे. येळ चुकवू नगंस."

शिवप्रियानं समृद्धीच्या गालात औषध सोडलं. तोवर सिताबाई भिंतीला टेकून बसली होती.

"ह्ये आजचं न्हाय," ती म्हणाली. "रोज येतंय, चार-पाच येळा. शेतात, न्हाणीत. तुमाला दिसू दिलं न्हाय इतकंच."

"कवापासनं?"

"देव नळदुर्गाला गेला तवापासनं."

अणदूरचा खंडोबा वर्षातले काही दिवस नळदुर्गाला राहायला जातो. तो हलायच्या आधी दोन्ही गावचे मानकरी बसून लेखी करार करतात, कधी न्यायचा आणि कधी परत आणायचा. देव झाला म्हणून काय झालं, कागद झाल्याशिवाय तोही गाव सोडत नाही. शिवप्रियानं मनात दिवस मोजले. देव गेला त्याच्या दुसऱ्याच सकाळी समृद्धीला हे औषध सुरू झालं होतं.

"पालखी उठली तवा म्या बी एक करार केला," सिताबाई म्हणाली.

"देवासंगं?"

"न्हाय. पोरीच्या दुखण्यासंगं. त्याला म्हनलं, देव एवढा मोठा, त्यो बी मुक्काम हलवतो. तू बी हलीव. माज्याकडं ऱ्हा."

"असं काय नसतं, आत्या. औषधानं थांबलंय ते."

"थांबलं म्हंतीस. मंग आत्ता इथं काय आलं व्हतं?"

म्हातारपणी झटके येतात, त्याचं कारण वेगळं असतं, तपासून बघू, असं डॉक्टर म्हणाले असते. शिवप्रियानं फोन उचलला. "डॉक्टरला इचारते. तुमाला बी औषध असंल कायतरी."

सिताबाईनं तिचं मनगट धरलं. नुकत्याच पडून उठलेल्या बाईच्या मानानं पकड फार घट्ट होती.

"मला औषध नगं. माज्यातनं निघालं तर ते कुठं जाईल?"

शिवप्रियाचं बोट नंबरावर तसंच राहिलं. उंबऱ्याजवळची समृद्धी उठली आणि रिकामी ताटली घेऊन मोरीपर्यंत गेली. चालताना तिनं एकदाही भिंतीला हात लावला नाही. शिवप्रियाला भीती वाटत होती. पण त्या भीतीखाली हायसंही वाटत होतं, हे तिला कळलं आणि स्वतःचीच किळस आली.

"पुढच्या आठवड्यात देव परत येतोय," ती हळू आवाजात म्हणाली. "मंग तुमचा करार संपंल."

"देवाला माघारी यायचं असतं, म्हणून त्याच्या कागदात मुदत घालत्यात," सिताबाई म्हणाली. "म्या न्हाय घातली."

शिवप्रियानं फोन पालथा ठेवला. सांडलेली ज्वारी सुपात भरली. समृद्धी पडायची त्या कोपऱ्यात जाड गोधडी अजून अंथरलेलीच होती. ती उचलून तिनं सासूच्या डाव्या बाजूला अंथरली आणि डोकं येईल तिथं दुहेरी दुमडली.