न गळणारा नळ

नळ बसवायच्या सरकारी प्रशिक्षणात किशनचा पहिला नंबर आला. पण दुष्काळानं अहमदपूरचे नळ वर्षभर कोरडे, मग त्याला काम देणार कोण? शेवटी प्रशिक्षण केंद्राच्या सरांनीच त्याला बोलावणं धाडलं. पहिल्यांदाच कुणी मोठे साहेब केंद्रात येणार होते, आणि फीत न कापता नळ सोडून केंद्राच्या नव्या इमारतीचं उद्घाटन करणार होते. किशननं नळ बसवला, मागं उभ्या हिरव्या टँकरचं पाणी त्याला जोडलं. थेंबाची गळती नाही! साहेबांनी नळ सोडला, हात धुतले, फोटोसाठी दोनदा चूळ भरून थुंकले. भाषण संपेपर्यंत नळ कुणी बंद केला नाही. "या योजनेनं पोरांच्या हाताला काम दिलं," म्हणत त्यांनी किशनच्या गळ्यात हार घातला.

हार मिरवत तो वस्तीत आला. सकाळपासून रांगेत मांडलेल्या घागरी तशाच रित्या होत्या.

"आपला हिरवा टँकर आलाच न्हाई रे आज," आई, नागुबाई, म्हणाली. "तुला कुठं दिसला का?"

किशननं हार ओरबाडून उकिरड्यावर फेकला.

"दिसला. म्याच रिकामा केला."