जुनं माप

बाथरूमची कडी आतून लावलेली होती आणि नळ केव्हाचा चालू होता. सुनेने ओळखलं. काल संध्याकाळी लावलेली पिशवी सकाळी सातलाच गळाली होती. दोन दिवसांतली ही चौथी.

"आई, दार उघडा."

"काही नाही गं. येतेच मी."

"आज नऊला दुकान परत उघडणार होतात ना?"

आत नळ बंद झाला. "पुढच्या आठवड्यात बघू," सासूबाई म्हणाल्या. मग कडी निघाली.

तीन महिन्यांपूर्वी ऑपरेशन झालं, तेव्हा डॉक्टरांनी आतड्याचं तोंड पोटावर, बेंबीच्या उजवीकडे काढून दिलं होतं. त्याभोवती चिकट चकती बसवायची आणि चकतीला पिशवी. हे काम सासूबाईंनी कुणाला करू दिलं नव्हतं. मुलाला तर नाहीच, सुनेलाही नाही. चाळीस वर्षं कपडे शिवले, एक गोल भोक कापायला मला माणूस कशाला हवं, म्हणायच्या.

त्या स्टुलावर बसल्या होत्या, गाऊन मुठीत गोळा करून. पोटावरच्या त्या तोंडाभोवतीची कातडी सोलवटून लाल झाली होती, आणि तिच्यावर काहीतरी चकाकत होतं.

"हे काय लावलंत?"

"तेल. आग होते गं फार."

सुनेने वाद घातला नाही. तिने हॉस्पिटलातल्या नर्सबाईंना फोन लावला, स्पीकर चालू केला आणि फोन बेसिनच्या कडेवर ठेवला.

"काकू, तेलावर चकती धरेल कशी?" नर्सबाई म्हणाल्या. "बरं, भोक केवढं कापता?"

"अडतीस मिलिमीटर. तुम्हीच लिहून दिलंय."

"ते ऑपरेशनच्या आठवड्यातलं. तेव्हा सूज होती. नंतर परत माप घेतलंत का?"

सून त्यांच्याकडे बघत होती, आणि त्या समोरच्या फरशीकडे. तेव्हा कुठे सुनेच्या ध्यानात आलं, की त्या खाली बघतच नव्हत्या. तीन महिने सगळं भिंतीकडे तोंड करून, हाताच्या अंदाजाने चाललं होतं.

"आई, तुम्ही बघितलंच नाहीये का अजून?"

"बघून काय करू? कसंतरी होतं मला."

"पुष्कळांना होतं तसं," नर्सबाई फोनवरून म्हणाल्या. "हात लावला तरी ते दुखत नाही, काकू. आज दोघी मिळून बघा."

सुनेने बादली उपडी घातली आणि समोर बसली. "मी बघते आधी. लाल आहे. ओलं. ओठाच्या आतल्या बाजूसारखं. बास, एवढंच."

सासूबाईंनी मान खाली घातली. बराच वेळ बघत राहिल्या.

"एवढुसं?" त्या म्हणाल्या. "आणि मी समजत होते, मोठं भगदाड असेल."

मग त्यांनी हात पुढे केला. "आण ते मापाचं कार्ड."

कार्डावरचं पस्तीसचं भोक सैल झालं, बत्तीसचंही. अठ्ठावीसचं बेताचं बसलं, चहूबाजूंनी नाण्याच्या जाडीएवढी जागा राखून.

"अगं बाई! केवढी कातडी उघडी टाकत होते मी! आणि दुकानात मीच लोकांवर ओरडते, जुन्या मापाने शिवायला सांगू नका म्हणून."

तेल निघेपर्यंत सुनेने कोमट पाण्याने पुसलं. साबण लावला नाही. मऊ फडक्याने टिपलं आणि कातडी पार कोरडी होऊ दिली. सोलवटलेल्या जागेवर हॉस्पिटलातून मिळालेली पावडर टाकून वरची झटकली. नर्सबाईंनी सासूबाईंना पुढे वाकायला सांगितलं. वाकल्यावर डावीकडे खाली एक वळी पडली. गळती तिथूनच होत असणार. वळी भरायला लागणारी मऊ पट्टी पिशव्यांच्या पाकिटात पहिल्यापासून पडून होती; सुनेने ती तिथे लावली. भोक सासूबाईंनी स्वतः कापलं, कडेवरून बोट फिरवून ती गुळगुळीत केली, आणि चकती ऊब यावी म्हणून काखेत धरली.

"ताप बघताय का, आई?"

"गप गं."

मग खाली बघत त्यांनी चकती नेमकी बसवली. "आता तळहाताने दाबून ठेवा," नर्सबाई म्हणाल्या. "पाच मिनिटं हात काढू नका. आणि यापुढे गळायची वाट बघायची नाही. मधे आग झाली तर लगेच काढा, नाहीतर चौथ्या दिवशी सकाळी, काही खायच्या आधी बदला."

सुनेने त्यांच्या हातावर आपला हात ठेवला. दोघी तशाच बसून राहिल्या.

"सात वर्षं झाली तुला या घरात येऊन," सासूबाई म्हणाल्या. "इतका वेळ तुझा हात कधी धरला नव्हता."

त्या दिवशी दुकान अकराला उघडलं. सून पोस्टात तिकिटांच्या खिडकीवर होती. तिने दुपारपर्यंत तीनदा फोन केला. तिन्ही वेळा "आहे, जागेवर आहे" एवढंच उत्तर आलं. दुसऱ्या दिवशी तिने एकदाच केला.

तिसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला फोन सासूबाईंचाच आला. रांगेतल्या माणसाला सुनेने हातानेच थांबवलं.

"आई, गळालं का?"

"काय गळालं? अगं, दोन कोट आलेत, उद्याच हवेत म्हणे. मला यायला उशीर होईल. तुम्ही जेवून घ्या."

"आणि पिशवी?"

पलीकडे कात्री खाली ठेवल्याचा आवाज आला.

"बाई गं," सासूबाई म्हणाल्या, "ती विसरूनच गेले होते मी."

त्यांनी फोन बंद केलाच नाही. तिकडे शिलाईचं मशीन सुरू झालं होतं, आणि खिडकीपलीकडची रांग खोळंबलेली असताना सून ते ऐकत राहिली.