व्यासपीठावरची चिठ्ठी

सीमेवर युद्ध पेटले असताना घोडेगावच्या बाजारतळावर आमदारांचा संताप मात्र विरोधकाच्या एका क्रियापदावर पेटला होता. "आमचा जवान 'मेला' म्हणे! अरे, 'वीरमरण आले' म्हणायला जीभ झडली काय?" टाळ्या कडाडल्या. त्या जवानाची आई राहीबाई सत्कारासाठी व्यासपीठावरच होती. लेक मेला, असेच म्हणत तीही महिनोन्महिने रडली होती. आमदारांच्या बंगल्यावर सात हेलपाटे घातल्यावर मिळालेले पत्र तिने पिशवीतून काढून निवेदकाकडे सरकवले. हरवलेल्या म्हशीची असो वा वाटेत लावलेल्या जीपची, हाती आलेली चिठ्ठी ध्वनिक्षेपकावर वाचून टाकायची त्याची सवय. त्याने वाचले: "सदर मयत इसमाच्या स्मारकास जागा देण्याची शिफारस करता येत नाही." पुढची ओळ दिसताच तो थांबला. आमदारांच्या हातातली शाल अधांतरी राहिली. "थांबलास का रं?" राहीबाई म्हणाली. "खाली सही हाय, ती बी वाच."